पोरांना घेऊन कारने जायचं असेल तर

समृद्धी महामार्गावर गाडी चढली की आपल्याला भारी वाटतं, पण मागं बसलेल्या पोरांना तो सरळसोट रस्ता जाम बोअर होतो आणि वर्धा यायच्या आधीच "किती राहिलं?" सुरू. मोबाईल लगेच हातात देऊ नका. चालत्या गाडीत मान खाली घालून स्क्रीन पाहिली की डोळ्यांना सगळं थांबलेलं दिसतं आणि कानाच्या आतल्या भागाला हलणं जाणवतं, त्यातूनच मळमळ होते, मग सीट धुवा. पुस्तकाचंही तेच.

आमच्याकडे हिट आहे तो नंबरप्लेटचा खेळ. एमएच ३१ नागपूर, ३२ वर्धा, २७ अमरावती, ३० अकोला, २९ यवतमाळ, ३४ चंद्रपूर, एवढं निघायच्या आधी कागदावर लिहून द्या, जो आधी ओळखेल त्याला पॉइंट, आणि ४९ दिसली तर भांडण नको, तीही नागपूरचीच. दुसऱ्या राज्याची गाडी दिसली तर डबल पॉइंट. लहान्याला वाचता येत नसेल तर त्याला रंग मोजू द्या, फक्त पांढरा नको, पांढऱ्या गाड्या संपतच नाहीत.

अंताक्षरी आहेच, पण ड्रायव्हरला त्यात ओढू नका.

खायला मुरमुरे, संत्री द्या, संत्र्याच्या बिया कोणाच्या जास्त निघतात यात पण बराच वेळ जातो बरं! तेलकट चिवडा नको. आणि दीड-दोन तासांनी पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलला थांबून पोरांना जरा पळू द्या, एक्सप्रेसवेच्या कडेला मात्र अजिबात नाही.