पोच हातात पडेपर्यंत: गोदामात ड्रायव्हरने या चुका टाळा

बारा वर्षं गाडी चालवली, आता चाकणला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो. रात्री-अपरात्री ड्रायव्हरांचे जे फोन येतात, ते रस्त्यावरून कमी आणि गेटवरून जास्त. ‘पार्टी गाडी आत घेत नाही’, ‘दोन पेट्या कमी आहेत म्हणतात’, ‘पोच देत नाहीत’. पार्टी म्हणजे माल घेणारा, आणि पोच म्हणजे माल मिळाल्याची त्याची सही-शिक्क्याची पावती. सातशे किलोमीटर गाडी नीट आणणारा माणूस शेवटच्या दोनशे फुटांत अडकतो. बहुतेक वेळा कारण एकच: जे लिहून घ्यायला हवं होतं, ते तोंडी राहिलेलं असतं.

माल भरताना झोपणं

ही चूक मी स्वतः केली आहे. भिवंडीच्या एका गोदामात गाडी डॉकला, म्हणजे माल चढवायच्या ओट्याला लावली, रात्रभराचं जागरण होतं, केबिनमध्ये आडवा झालो. उठवलं तेव्हा दरवाजे बंद, सील लागलेलं, बिल्टी (मालाच्या वाहतुकीची पावती) तयार. सही केली आणि निघालो. नागपूरला 240 पेट्यांच्या जागी 236 उतरल्या. सील शाबूत होतं, म्हणजे चार पेट्या भरल्याच गेल्या नव्हत्या. पण 240 या आकड्याखाली माझी सही होती. चार पेट्यांचे पैसे माझ्या पगारातून गेले.

म्हणून भरताना उभं राहून मोजा. कुठे कुठे ड्रायव्हरला डॉकवर येऊ देत नाहीत. तिथे वाद घालू नका. सही करताना बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर लिहा, ‘मोजणी दाखवली नाही, गाडी सीलबंद मिळाली.’ सुपरवायझर कुरकुरला तर तिथूनच ऑफिसला फोन लावून द्या. सीलचा नंबर कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघा आणि फोटो काढा. वाटेत तपासणीसाठी कुणी सील उघडलं, तर तसं लेखी घ्या, नव्या सीलचा नंबर लगेच ऑफिसला कळवा.

सील स्वतः तोडणं

उतरवायला पोचल्यावर घाईत बरेच जण हे करतात. सील माल घेणाऱ्याच्या माणसाने, तुमच्यासमोर तोडायचं. त्याआधी पोचवर ‘सील शाबूत’ लिहून घ्या. पुढे माल कमी निघाला तरी हे दोन शब्द तुमच्या बाजूने उभे राहतात.

डॅमेज निघालं तर शेरा मारू नका म्हणून हातापाया पडू नका आणि आवाजही चढवू नका. शेरा नेमका असावा, एवढाच आग्रह धरा. ‘माल खराब’ असा मोघम शेरा पडला की अख्ख्या गाडीचं बिल अडकतं. ‘12 पेट्या ओल्या, बाकी माल ठीक’ असं लिहिलं तर वाद बारा पेट्यांपुरता राहतो. त्या पेट्यांचे फोटो काढा. ताडपत्री कुठे फाटली असेल तर तिचाही काढा. लपवून काही मिळत नाही.

डॉकवर गाडी हलवणं

इथे चूक झाली तर जीव जातो. दोन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन तीन टनांच्या वर असतं. ती गाडीत आत-बाहेर करते तशी गाडी इंच इंच पुढे सरकते आणि डॉक व गाडीत फट पडते. पार्किंग ब्रेक ओढा, चाकाला लाकडी ठोकळा लावा, किल्ली मागितली तर निमूट द्या. ‘झालं, काढ गाडी’ असं कुणीतरी लांबून ओरडलं म्हणून काढू नका. खाली उतरून मागे स्वतः बघा. आणि सावली आहे म्हणून गाडीखाली कधीच झोपू नका, क्लीनरलाही झोपू देऊ नका.

गेटवरच भांडण

गेटवरचा सिक्युरिटीवाला बारा-बारा तास उभा असतो, आणि यादीत नंबर नसेल तर गाडी आत सोडणं त्याच्या हातात नसतं. हॉर्न वाजवून काही होत नाही. ‘दादा, ही बिल्टी, माझी एंट्री टाका’ म्हणा आणि रजिस्टरमध्ये वेळ पडली का ते बघा. ही वेळ फार मोलाची. दोन दिवस गाडी उभी राहिली तरी रिपोर्टिंगची वेळ कुठेच लिहिलेली नसेल, तर हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे, कशाच्या जोरावर मागायचं? एंट्री स्लिपचा फोटो काढा. पोचवर आत-बाहेरची वेळ मागा.

गाडी उभी असताना ई-वे बिलाकडेही (जीएसटीखाली माल नेण्यासाठी लागणारा ऑनलाइन कागद) लक्ष असू द्या. साध्या मालाला दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. मुदत वाढवता येते, पण ती संपण्याआधी 8 तास ते संपल्यानंतर 8 तास एवढ्याच वेळात. तुम्ही सकाळी कळवलंत तर ऑफिस काही करू शकतं.

वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून, हमालांशी भांडू नका. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची मागणी रास्तच आहे, पण तो वाद मालाच्या मालकाशी आहे. माथाडी कामगाराला 1969 च्या कायद्याने संरक्षण दिलंय, तो त्याच्या कष्टाचे पैसे मागतोय. वाराई कोण देणार, हे गाडी भरण्याआधी ऑफिसकडून विचारून घ्या. गोदामावर मागणी झालीच तर मुकादमाला ऑफिसशी बोलू द्या, आणि पैसे दिले तर पावती घ्या.

पोच न घेता निघणं

‘शिक्का मारणारे साहेब गेले, उद्या या’ असं सांगतात. रिकामी गाडी, पुढचा माल वाट बघत असतो, माणूस निघून जातो. निघू नका. आधी ऑफिसला फोन करा, आम्ही पार्टीशी बोलतो. तोवर ज्याने माल उतरवून घेतला त्याची नाव, तारीख आणि वेळेसह सही घ्या, रिकाम्या गाडीचा आणि डॉकवर लागलेल्या मालाचा फोटो पाठवा, आउट गेट पास जपून ठेवा. शिक्का दुसऱ्या दिवशीही मिळवता येतो, पण शिफ्ट बदलली की तुमचा माल कुणी उतरवला हे सांगायला तिथे कुणी सापडत नाही.