भाताचं बी मिठाच्या पाण्यातून कसं निवडावं

घरचं भात बियाणं राबात, म्हणजे रोपं तयार करायच्या वाफ्यात, पेरण्याआधी मिठाच्या पाण्यातून काढायलाच हवं. पाखडून फोल निघतं, पण अर्धवट भरलेला दाणा दिसायला चांगल्यासारखाच असतो आणि सुपात मागे राहतो. पाण्यात मात्र तो वेगळा पडतो.

पाण्यात बुडालेली वस्तू जेवढी जागा अडवते, तेवढ्या जागेतल्या पाण्याच्या वजनाइतका रेटा पाणी तिला वर देतं. वजन रेट्याहून जास्त असेल तर वस्तू तळाशी जाते, कमी असेल तर तरंगते. भरीव आणि पोचट दाण्याचा आकार जवळपास सारखा, म्हणून रेटाही सारखाच. पण पोचट दाण्यात तुसाच्या आत तांदूळ कमी आणि हवा जास्त, त्यामुळे तो वजनात मार खातो.

मग मीठ कशाला? साधं पाणी लिटरला साधारण १००० ग्रॅम भरतं, ३ टक्के मिठाचं १०२० ग्रॅमच्या आसपास. पाणी जड झालं की रेटाही वाढतो, आणि साध्या पाण्यात जेमतेम बुडणारे दाणे वर येतात. खात्री करायची असेल तर मूठभर बी आधी साध्या पाण्यात टाका, तरंगलेलं काढा आणि तळाचं मिठाच्या पाण्यात टाका. त्यातलेही काही दाणे वर आलेले दिसतील.

१. प्लास्टिकच्या बादलीत १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून पूर्ण विरघळवा. खडे तळाशी राहिले तर वरचं पाणी हलकंच राहतं.

२. बी थोडं थोडं सोडा. बादली गच्च भरली तर पोचट दाणे भरीव दाण्यांखाली दबून राहतात.

३. हाताने तळापासून चांगलं ढवळा. ही पायरी कोणी गाळू नये. तुसाच्या बारीक लवेत हवेचे बुडबुडे अडकतात आणि चांगला दाणाही त्यांच्या आधाराने तरंगतो. ढवळलं की बुडबुडे सुटतात आणि तो दाणा खाली बसतो. मग पाणी स्थिर होऊ द्या.

४. वर आलेलं सगळं चाळणीने काढून नष्ट करा. त्यात रोगट दाणेही असतात.

५. तळाचं बी लगेच साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. मीठ अंगावर राहिलं तर उगवणीला मार बसतो. उरलेलं खारं पाणी राबाच्या जागेवर ओतू नका.

६. बी सावलीत २४ तास पसरून वाळवा. नंतर हातमोजे घालून किलोला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा. हे बी उरलं तरी खाण्यात किंवा कोंबड्यांपुढे जाऊ देऊ नका.

विकत आणलेल्या पिशवीवर बीजप्रक्रिया केल्याचं छापलं असेल, तर ते बी यातून काढू नये. पाण्यात त्याचं औषध धुऊन जाईल.