एकट्याने मुलाखत शूट करायची तर

कॅमेरा कोणता घ्यायचा, हा प्रश्न मी शेवटाकडे घेणार आहे आणि तोही थोडक्यात. मी एकटीच शूट करते. समोर एक माणूस खुर्चीत बसून बोलतो. दिवे, माइक, फोकस आणि प्रश्न विचारणं सगळं माझ्याकडे. अशा कामात आधी काय घ्यायचं, याची माझी कसोटी एकच: एडिटिंगला बसल्यावर जे सावरता येत नाही, त्यावर पैसे आधी. किंचित अंधारलेला शॉट उजळता येतो, रंग थोडाफार सुधारता येतो, फ्रेम कापून घेता येते. खोलीत घुमलेला आवाज मात्र कितीही प्लगइन लावा, घुमलेलाच राहतो.

म्हणून पहिली खरेदी माइकची. माइक किती भारी आहे यापेक्षा तो तोंडापासून किती लांब आहे हे महत्त्वाचं. अंतर दुप्पट झालं की बोलण्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पण भिंतींवरून परतणारा आवाज तेवढाच राहतो. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक दीड-दोन मीटरवर असतो, त्यामुळे माणूस विहिरीत बसल्यासारखा ऐकू येतो. हनुवटीखाली एक वीत अंतरावर साधा कॉलर माइक लावला की हा त्रास बराचसा मिटतो. माणूस बसूनच बोलणार असेल तर वायरचा माइकच घ्या, असं माझं मत. वायरलेस सेट सोयीचे खरे, पण त्यातले बरेच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तिथेच वाय-फायचीही गर्दी असते. वायरलेस घेतलाच तर ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारा घ्या; सिग्नल तुटला तरी आवाज हाती राहतो.

कपड्यांची घासाघीस हा वेगळा ताप. कडक किंवा रेशमी कापड कुरकुरतं, गळ्यातली माळ माइकवर आपटते. माइकच्या खाली वायरचा छोटा वेढा करून आतून टेपने चिकटवा आणि माळ तेवढ्यापुरती काढायला सांगा. लोक आनंदाने काढतात, फक्त विचारायला हवं. लेव्हल (आवाज किती मोठा रेकॉर्ड व्हावा ते) लावताना ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणायला लावू नका. आवडत्या विषयावर दोन मिनिटं बोलतं करा, हसवा, आणि सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. शून्यावर गेला की फाटला. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर (अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज दोन्ही टिपणारा) असेल तर लेव्हलची चिंता जवळपास संपते, घुमण्याची नाही.

कान झाकणारे हेडफोन नसतील तर शूटला निघू नका. मेंदू फ्रिजची घरघर आणि पंख्याचा आवाज गाळून टाकतो, माइक गाळत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद. (फ्रिज बंद केला की मी गाडीची किल्ली त्यात ठेवते. मग तो पुन्हा सुरू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही.) खोली घुमत असेल तर फ्रेमबाहेर, बोलणाऱ्याच्या समोरच्या बाजूला जाड चादरी किंवा गादी उभी करा. लांबुळका शॉटगन माइक लहान खोलीत घेऊन जाऊ नका. तो बाहेर मोकळ्यावर छान चालतो, पण जवळच्या भिंतींवरून परतलेल्या आवाजाने त्याचा सूर बिघडतो.

आता उजेड. खिडकी असेल तर माणसाला तिच्याकडे पाठ करून नाही, तर कडेने बसवा, आणि खोलीतले दिवे मालवा. दिवसाचा उजेड साधारण ५६०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) आणि पिवळा बल्ब ३२०० च्या आसपास. अर्धा चेहरा निळा, अर्धा नारिंगी झाला की व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी कॅमेऱ्याची रंगजुळणी) कुठल्या बाजूला लावणार? दिवा विकत घ्यायचा तर एकच घ्या, पण सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या पुढचा, आणि त्यावर मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी). चेहरा जास्त उजळला की दिवा मागे न्यायचा मोह होतो. नेऊ नका, मंद करा. दिवा जवळ असला तरच तो चेहऱ्याच्या मानाने मोठा राहतो आणि सावल्या मऊ पडतात. शिवाय दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि मागची भिंत दिव्यापासून ३ मीटरवर असेल तर भिंतीवर चेहऱ्याच्या साधारण नवव्या हिश्शाएवढा उजेड पडतो. तोच दिवा आणखी १ मीटर मागे नेला की हे प्रमाण चौथ्या हिश्शावर येतं आणि माणूस भिंतीत विरघळतो. चश्म्यात दिवा दिसत असेल तर स्टँड वर चढवा, प्रतिबिंब वर सरकून काचेबाहेर जातं. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला की काम झालं.

शटर स्पीड (प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ आत येतो) फ्रेम रेटच्या दुप्पट: सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५० सेकंद. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे ट्यूबलाइटची लुकलुकही यामुळे दिसत नाही. ६० हर्ट्झच्या ठिकाणी ३० फ्रेम आणि १/६० ठेवा. बाहेर कडक उन्हात हाच शटर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ २२, म्हणजे लेन्सचं अगदी बारीक छिद्र मागतो. मला हवं असतं मोठं छिद्र, एफ २.८, म्हणजे सहा स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड निम्मा) उजेड अडवायचा, त्यासाठी एनडी ६४ (लेन्सवर लावायची काळसर काच). अर्थात मुलाखत द्यायला कुणाला उन्हात बसवूच नये. सावलीत एनडी ८ वर भागतं.

एकटं काम करताना अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) फार उघडू नका. बोलता बोलता माणूस पुढे-मागे झुकतो, आणि एफ १.४ ला डोळा सोडून कान शार्प व्हायला वेळ लागत नाही. फोनवर शूट करत असाल तर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा.

लेन्स डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि तुम्ही तिला अगदी खेटून बसा, म्हणजे नजर फार बाजूला जात नाही. उत्तरात प्रश्न गुंफायला सांगा: ‘१० वर्षं’ एवढंच नको, ‘हे काम मी १० वर्षं करतोय’ असं हवं. आणि उत्तर संपल्यावर लगेच ‘हो, हो’ करू नका. मान हलवा, तीनपर्यंत मोजा. त्या शांततेत माणूस पुष्कळदा खरं वाक्य बोलतो, आणि कट करायला जागाही मिळते. बोलण्यात ज्या वस्तू आल्या त्या चिठ्ठीवर टिपून ठेवा. नंतर हात, अवजारं, खोलीचे कोपरे यांचे प्रत्येकी १० सेकंदांचे स्थिर शॉट घ्या. ४के मध्ये शूट करून १०८० मध्ये द्यायचं असेल तर एकाच शॉटमधून जवळची आणि लांबची अशा दोन फ्रेमही निघतात.

कॅमेऱ्यात मी चारच गोष्टी बघते: माइकचं सॉकेट, हेडफोनचं सॉकेट, बाहेरून वीज देण्याची सोय, आणि सलग किती वेळ रेकॉर्ड होतं. जुन्या बऱ्याच कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. युरोपीय संघात त्याहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रांवर वेगळं आयातशुल्क लागत असे, त्यातून ती मर्यादा आली. सेकंडहँड घेताना हे नक्की तपासा. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ जीबी लागतात, त्या हिशोबाने कार्डं घ्या. व्ही ३० (कार्डाच्या लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं कार्ड या दराला पुरतं.

मुलाखत संपली की सगळे एकदम उठतात. त्यांना थांबवा आणि माइक तसाच ठेवून अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधली फट त्यानेच बुजते. मग फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, दोन्हीवरच्या फाइल उघडून बघा, आणि त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करा.