नदीकाठी तंबू ठोकताना

पुण्याहून ताम्हिणीमार्गे कुंडलिकेच्या काठी मुक्कामाला जाताय? तंबू ठोकण्याआधी झुडपांकडे बघा. फांद्यांत वाळकं गवत, काटक्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकलेल्या दिसल्या की समजा, पाणी तिथवर येतं. जागा त्याच्याही वर धरा. या नदीत भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सोडतात, त्यामुळे आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी पातळी चढते. पाणी सुटण्याची वेळ गावातच विचारून घ्या. वाळूचा मऊ पट्टा कितीही मोहात पाडो, तिथे बसून फारतर चहा प्या! चुलीला नदीतले ओले गोटे मात्र नकोत. तापले की आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतात, कपच्या थेट तोंडावर उडतात. डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, तेही उजेड असतानाच बघा.