राष्ट्रपतींचे अधिकार शिकवायचे तर सहीच्या मागे जा

कार्यकारी मंडळाचा धडा आला की नवा शिक्षक आधी फळ्यावर यादी करतो. कार्यकारी अधिकार, कायदेविषयक अधिकार, आर्थिक, न्यायविषयक, आणीबाणीविषयक. मुलं ती इमानेइतबारे उतरवून घेतात आणि मग मागच्या बाकावरून विचारणा होते, "सर, हे सगळं राष्ट्रपती करतात, तर पंतप्रधान काय करतात?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि यादीत त्याचं उत्तर नाही. म्हणून माझा सल्ला असा की यादी शेवटच्या तासाला ठेवा. पहिल्या दिवशी फळ्यावर दोनच कलमं लिहा. कलम ५३ म्हणतं, संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे. कलम ७४ म्हणतं, ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वापरायची. मग एखादा निर्णय घ्या आणि तीनच गोष्टी विचारा: सल्ला कोणी दिला, सही कोणी केली, अडवू कोण शकलं असतं?

महाराष्ट्रातल्या वर्गात यासाठी पहाटेच्या शपथविधीइतकं चांगलं उदाहरण नाही. १२ नोव्हेंबर २०१९ ला राज्यात राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी झाला. एवढं मुलांनी घरी ऐकलेलं असतं. आता विचारा, राजवट उठवायला राष्ट्रपतींची सही हवी, सहीला मंत्रिमंडळाचा सल्ला हवा, मग मंत्रिमंडळाची बैठक भरली कधी? भरलीच नव्हती. भारत सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमांत नियम १२ आहे. तातडीच्या प्रसंगी पंतप्रधान त्याखाली नेहमीच्या रीतीला फाटा देऊ शकतात आणि मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेता येते. राज्यघटनेचं पुस्तक कितीही चाळलं तरी हा नियम दिसणार नाही, कारण तो कलम ७७ खाली केलेल्या नियमांत आहे.

सावध राहा, इथे वर्गाचा कट्टा व्हायला वेळ लागत नाही. बहुतेक घरांत या विषयावर ठाम मतं असतात आणि मुलं ती दप्तरासोबत घेऊन येतात. मी फळ्यावर ना पक्ष लिहितो, ना माणसाचं नाव. फक्त पदं लिहायची: राज्यपाल, पंतप्रधान, मंत्रिमंडळ, राष्ट्रपती. कागद कुठून कुठे गेला ते बाणांनी दाखवायचं. नावं नसली की आवाज खाली येतात.

मग दुसरी रात्र घ्या, २५ जून १९७५ ची. फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर रात्री सही केली. मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हाही नियम १२ चाच आधार घेतला होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ही वाट बंद केली. आता कलम ३५२ खालच्या घोषणेसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी लागतो. पण राष्ट्रपती राजवट उठवण्यासाठी अशी अट घातलेली नाही. दोन्ही रात्री शेजारी मांडल्या की चलाख मुलं हा फरक स्वतःच शोधतात. शोधू द्या, आधी सांगून टाकू नका.

एवढं झाल्यावर कुणीतरी म्हणणारच, "म्हणजे राष्ट्रपती रबरी शिक्काच." लगेच खोडू नका, कलम १११ चा खेळ घ्या. एका मुलाला राष्ट्रपती करा, वर्गाला संसद. विधेयकाचा कागद त्याच्या हातात द्या. तो संमती देऊ शकतो, रोखून ठेवू शकतो, किंवा पुनर्विचारासाठी परत पाठवू शकतो. परत पाठवलं आणि वर्गाने पुन्हा मंजूर केलं, तर दुसऱ्यांदा संमती रोखता येत नाही. डॉ. कलाम यांच्या बाबतीत २००६ मध्ये हेच घडलं: लाभाच्या पदांचं विधेयक त्यांनी मे महिन्यात परत पाठवलं, संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये सही झाली. खेळात एखादा पठ्ठ्या काहीच न बोलता कागद दप्तरात टाकतो. वर्ग हसतो, पण तो बरोबर असतो. कलमात मुदत दिलेली नाही. १९८६ च्या टपाल दुरुस्ती विधेयकाबाबत झैलसिंग यांनी तेच केलं. ना संमती दिली, ना ते परत पाठवलं.

मंत्रिमंडळाचा सल्लाही एकदा परत पाठवता येतो, तेही ४४ व्या दुरुस्तीमुळेच. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. शिक्का म्हणणाऱ्या मुलाला याचं उत्तर देऊ द्या.

वटहुकूम शिकवताना पुण्याच्या गोखले संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांना विसरू नका. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात काढलेले २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते, काही तर १४ वर्षांपर्यंत. वाधवांनी ते खणून काढलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. १९८६ च्या निकालात न्यायालयाने या प्रकाराला घटनेची फसवणूक ठरवलं. हे वटहुकूम राज्यपालांचे, कलम २१३ खालचे. राष्ट्रपतींचं कलम १२३. परीक्षेत मुलं हमखास इथे गफलत करतात.

अमेरिका थोडक्यात उरका, पण टाळू नका, कारण बातम्यांत मुलं तिथल्या अध्यक्षांना आदेशांवर सह्या करताना बघतात आणि आपल्याकडेही तसंच असेल असं धरून चालतात. तिथल्या अध्यक्षांवर त्यांच्या मंत्र्यांचा सल्ला बंधनकारक नाही. अडवणारे वेगळे आहेत: काँग्रेस आणि न्यायालय. ट्रूमन यांनी १९५२ मध्ये कोरियन युद्धाच्या काळात पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला. दोन महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला.

आता यादी लिहा. "राष्ट्रपतींचे अधिकार व कार्ये स्पष्ट करा" हा प्रश्न परीक्षेत कधीही येऊ शकतो, तेव्हा ती लागतेच. फक्त प्रत्येक अधिकारासमोर कलम आणि वर्षासह एक प्रसंग लिहून घ्या, आणि कलम ७८ राहू देऊ नका. पंतप्रधानांकडून माहिती मागवण्याचा अधिकार त्यातून येतो, तरी मुलांच्या वह्यांत तो क्वचितच सापडतो.