खळ्यातून हंस कसा शोधायचा

हंस हा तारकासमूह. त्यातला एक आणि शेजारचे दोन अशा तीन तेजस्वी ताऱ्यांना पुस्तकात 'उन्हाळी त्रिकोण' म्हणतात. ते तिकडच्या, युरोप-अमेरिकेच्या उन्हाळ्यावरून. आमच्या कोकणातल्या आंजर्ल्यात जून ते सप्टेंबर आभाळच दिसत नाही, त्यामुळे माझा हंस येतो तो भातकापणीच्या वेळी.

ऑक्टोबरच्या मध्यावर, अमावास्येच्या आसपास, साडेसातला खळ्यात चटई टाका आणि पाय दक्षिणेला करून उताणे पडा. आधी ओटीवरचा दिवा बंद करा (आईला सांगून, नाहीतर ती परत लावते). डोळे अंधाराला सरावेपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं, मोबाईलला हात नको.

जवळजवळ डोक्यावरचा तारा श्रवण. वायव्येला सगळ्यात तेजस्वी तो अभिजित. तिसरा, उत्तरेला, या दोघांहून थोडा मंद, तो डेनेब. अरबीत त्याचा अर्थच शेपूट. आता शेपटीकडून डोक्यावरच्या आभाळाकडे सरका: मध्ये एक तारा, दोन्ही बाजूंना पंख, लांब मान, आणि शेवटी अल्बिरिओ ही चोच. क्रूस दिसला की हंस दिसलाच. तो आकाशगंगेतूनच उडतो. मला पहिल्या वर्षी ती ढगाची पट्टी वाटली होती!

चोच मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहून सोडू नका. १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दुर्बीण माडाच्या खोडाला टेकवून धरा, हात हलता कामा नये. एका ताऱ्याचे दोन होतात, एक पिवळा, एक निळसर. छोट्या टेलिस्कोपमधून तर लख्खच.

माडाच्या झावळ्या आड आल्या तर सरळ किनाऱ्यावर जा, पण मासेमारी होड्यांच्या दिव्यांकडे पाठ करून बसा.