फॉस्टिनाचं नाणं: आईचं की लेकीचं?

नाण्यावर ‘फॉस्टिना’ वाचलं की काम संपत नाही. या नावाच्या दोन रोमन सम्राज्ञी होऊन गेल्या: सम्राट अँटोनायनस पायसची बायको आणि त्यांचीच मुलगी, पुढचा सम्राट मार्कस ऑरेलियसची बायको. दोघींची नाणी भरपूर सापडतात आणि सर्रास एकमेकींच्या नावावर खपतात.

आधी वजन करा. दिनारियस हे रोमन चांदीचं नाणं साधारण सव्वातीन ग्रॅमचं, 17 ते 19 मिलिमीटर व्यासाचं. बरंच हलकं भरलं तर कडा भिंगाखाली पाहा. आत तांबूस किंवा हिरवट दिसलं तर तांब्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवलेला असतो. अशी बनावट नाणी रोमन काळातच पाडली जात, त्यामुळे बनावट म्हणजे आधुनिकच असं नाही. कडेला गोल फिरणारी सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर मात्र ते ओतीव असल्याचा संशय घ्या. अस्सल दिनारियस ठशावर हातोडा मारून पाडलेला असतो.

मग दिवा टेबलावर ठेवून प्रकाश तिरका पाडा, म्हणजे झिजलेली अक्षरंही सावलीमुळे उठतात. मजकूर बहुधा डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने जातो. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो, तिथे अडखळू नका.

सुरुवातीला ‘दिवा’ असेल तर अर्थ ‘देवत्व पावलेली’. (आपल्या दिव्याचा इथे संबंध नाही, ‘देव’ शब्दाचं मात्र हे भावंड.) आई इ.स. 138 मध्ये सम्राज्ञी झाली आणि 140 मध्ये वारली. नवऱ्याने मात्र पुढे 161 पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, तिची नाणी पाडली. म्हणून तिची बहुतेक नाणी मृत्यूनंतरचीच. ‘दिवा’ नसून तिच्या नावानंतर अँटोनायनसचं नाव असेल, तर ते बहुधा तिच्या हयातीतलं, तुलनेने दुर्मीळ.

चूक होते ती इथे: लेकही वारल्यावर देवी ठरली, पण तिच्या नाण्यांवर ‘दिवा फॉस्टिना पिया’ येतं. शेवटची तीन रोमन अक्षरं (PIA) घासली गेली की ती आई वाटते. अशा वेळी केस पाहा. आईच्या वेण्या वर गुंडाळून टाळूवर अंबाडा. लेकीचे केस लाटांसारखे, अंबाडा मागे मानेजवळ. शंका आली तर मजकुरापेक्षा अंबाड्यावर भिस्त ठेवा, कारण चेहरा झिजला तरी डोक्याची बाह्यरेषा टिकते.

मागच्या बाजूला सहा खांबांचं देऊळ असेल तर नाणं आईचं. ते देऊळ रोमच्या फोरममध्ये, म्हणजे प्राचीन मुख्य चौकात, आजही उभं आहे. 141 मध्ये ते तिच्यासाठी सुरू झालं, 161 नंतर नवऱ्याचं नावही वर कोरलं गेलं आणि पुढे त्याचं चर्च झालं. नाण्यावरचे खांब मोजताना मधली मूर्ती खांबात धरू नका.

हे सगळं होईपर्यंत नाणं घासू नका. ब्रशने वा पॉलिशने केसांच्या बारीक रेषाच आधी जातात, आणि ओळखीला केसांचीच मदत होते.